कामाच्या जागी माणसाचा मान



ज्या जागेवर या आठवड्यात मोठमोठी विद्वान मंडळी उभी राहून गेली, तेथे आम्हांस उभे करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि त्याहून अधिक कारखान्यांच्या दारावर. तीस-बत्तीस वर्षे द्वारसभांत बोलून आवाज मात्र चढा झाला आहे. तेव्हा ध्वनिक्षेपक जरा दूर सारला तरी चालेल.

चालकांच्या पत्रात विषय होता तो 'नेतृत्व आणि परस्पर आदर'. तो वाचून आम्हांस प्रथम वाटले, हा विषय आमच्या वाट्याचा नव्हे. साहेब लोकांना दोन दिवस थंड हवेच्या ठिकाणी नेतात आणि तेथे कोणी पाहुणा त्यांना हसावे कसे, हात कसा मिळवावा, हे शिकवतो; तेथे हा शोभला असता. म्हणून आम्ही चालकांच्या संमतीने त्याचे नाव बदलून घेतले. आदर हा शब्द वाईट नाही. पण आदर मनात असतो, आणि मनातले कोणी पाहिले आहे? आमच्या लोकांचा शब्द मान. तो दिला की नाही दिला, हे चार माणसांसमोर दिसते. लग्नात मानपान चुकला तर वऱ्हाड रुसते हे आपण सर्व जाणतो. कारखान्यात तो रोज चुकतो आणि कोणाला रुसण्याची सोय नसते.

आपल्या मराठीने या बाबतीत मोठी सोय, आणि तितकीच मोठी गैरसोय, करून ठेवली आहे. इंग्रजीत साहेबालाही तेच सर्वनाम आणि शिपायालाही तेच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत, आणि माणसाला हाक मारताच त्याची पायरी ठरून जाते. चोवीस वर्षांचा नवा इंजिनिअर पन्नाशीच्या हेल्परला 'अरे, तो पाना आण' म्हणतो आणि हेल्पर 'आणतो साहेब' म्हणतो. दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, ही त्यातली खरी गोष्ट. 'तू' हा शब्द स्वतः पापी नाही. आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. एका साच्यावरचे दोन कामगार एकमेकांना तू म्हणतात, वर शिवी घालतात, आणि डबा एकत्र खातात. त्या 'तू'ला उलट 'तू' म्हणण्याची मुभा आहे की नाही, एवढेच पाहावे. जेथे ती नाही तेथे मान नाही.

हे दुखणे आपल्याच भाषेचे आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९६८ च्या फेब्रुवारीत कचरा उचलणारे सुमारे तेराशे काळे कामगार संपावर गेले. त्याआधी १ फेब्रुवारीला त्यांचे दोन सोबती कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले होते. पगार, सुरक्षितता, संघटनेला मान्यता अशा त्यांच्या मागण्या होत्या. पण रस्त्यावर निघाले तेव्हा त्यांनी गळ्यात जी पाटी अडकवली, तिच्यावर पगाराचा आकडा नव्हता. 'मी माणूस आहे' एवढेच तिच्यावर लिहिले होते. नातवंडे असलेल्या माणसाला तेथे गोरे लोक 'ए पोरा' अशी हाक मारीत. मार्टिन ल्यूथर किंग याच संपाला पाठिंबा देण्यासाठी त्या शहरात आले होते आणि तेथेच ४ एप्रिल रोजी त्यांचा खून झाला. पगाराची मागणी आणि मानाची मागणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे मानणाऱ्या विद्वानांनी ती पाटी जरूर आठवावी.

तथापि 'अरे'चे 'अहो' केले की काम झाले, असे जर आम्ही सांगू लागलो तर आमचे जुने सोबती हसतील. १९८९ साली आम्ही एका यंत्रशाळेत हेल्पर म्हणून लागलो. तेथे दोन फोरमन होते. पहिले अत्यंत गोड. सर्वांना अहो-जाहो, घरची विचारपूस, दिवाळीला स्वतःच्या हाताने मिठाई. परंतु जादा काम कोणाला मिळणार, रातपाळीत कोणाला टाकले, यंत्रावरून काढून झाडलोटीला कोणाला लावले, हे शनिवारी फळ्यावर लागे तेव्हाच कळे. का, असे विचारले तर ते खांद्यावर हात ठेवून म्हणत, "अहो, वरून आलंय. तुम्ही आपले घरचे, तुम्हांला काय सांगायचं!" आणि खरोखरच काही सांगत नसत.

दुसरे फोरमन तुसडे. हसताना त्यांना कोणी पाहिले नव्हते. सर्वांना तू. पण त्यांची एक रीत होती. कोणाला लेथवरून काढायचे असले, तर ते त्याला बोलावीत, त्याने केलेले नग टेबलावर मांडीत, मायक्रोमीटर त्याच्याच हातात देत आणि म्हणत, "माप. तूच माप आणि मला सांग." एकदा एका एकोणीस वर्षांच्या पोराने मापून पाहिले आणि तो म्हणाला, "साहेब, नग बरोबर आहेत. तुमचं गेज झिजलंय." सगळे खाते थिजले. तो पोरगा आम्हीच होतो असे सांगायला आम्हांस फार आवडले असते, पण तो दुसराच होता. आम्ही शेजारच्या यंत्रामागे मान खाली घालून उभे होतो. फोरमन काही बोलले नाहीत. गेज उचलून हत्यारखान्यात पाठवले. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना, सर्वांसमोर, त्यांनी त्या पोराला सांगितले, "गेज झिजलं होतं. तुझे नग बरोबर होते. चढ लेथवर." क्षमा मागितली नाही, पाठ थोपटली नाही. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा त्या खात्याने वर्गणी काढून त्यांना घड्याळ दिले. गोड फोरमन बदलून गेले, ते कोणत्या महिन्यात गेले हेही आज कोणाला सांगता येणार नाही.

या दोन माणसांवर आम्ही पुष्कळ वर्षे विचार केला आहे, आणि आज जे सांगावयाचे आहे ते त्यातूनच निघाले आहे. कामाच्या जागी मान म्हणजे गोड वाणी नव्हे. ज्या माणसाचे काम तुम्ही बदलता, कापता, हिरावून घेता, त्याला त्याचे कारण सांगणे तुम्हांस भाग आहे की नाही, आणि ते कारण खोटे ठरले तर मागे फिरणे भाग आहे की नाही, यावर मान ठरतो. ज्याला कारण सांगावे लागत नाही त्याला आपण माणसांत धरीत नाही. मग तोंडाने कितीही अहो म्हणा. खुर्चीला, टेबलाला कोणी कारण सांगत नाही.

आमच्या वडिलांची आणि आजोबांची सारी हयात मुंबईच्या गिरणीत गेली. दोघेही साचेवाले, म्हणजे विणाईखात्यातले. तेव्हा या कसोटीवर आम्ही गिरण्यांचा इतिहास लावून पाहिला. गिरणीत खरा राजा मालक नसे. तो जॉबर असे. कामावर घेणे, काम शिकवणे, दंड करणे, काढून टाकणे हे सर्व त्याच्या हाती. भोंगा वाजण्यापूर्वी दारात बदली कामगारांची रांग उभी राही आणि जॉबर नजरेने निवडी : तू चल, तू चल, तू नको. 'नको' का, हे विचारण्याची प्राज्ञा नव्हती. दस्तुरी पोचली नाही, हे कारण दोघांनाही ठाऊक असे. पण ठाऊक असणे वेगळे आणि सांगावे लागणे वेगळे. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे. जॉबरला नुसत्या शिव्या देणे सोपे आहे. तोच गाववाला, तोच खोलीत जागा पाहून देणारा, तोच अडीअडचणीला उसने देणारा. आमचे आजोबा आपल्या जॉबरचे नाव अखेरपर्यंत हात जोडून घेत. ही कृतज्ञता खरी होती, आणि तिच्या खाली भीती होती तीही खरी होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने, ज्यात आपले ना. म. जोशी सभासद होते, १९३१ च्या अहवालात कामगार घेण्याचे व काढण्याचे अधिकार जॉबरच्या हातून काढावेत असे सुचवले. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. जॉबर त्याने एका दिवसात संपला नाही. पण त्याच्या 'नको'ला प्रथमच कागद आडवा आला.

त्याही मागे जावे तर नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार हाती पडावा अशीही एक मागणी होती. तरुण कार्यकर्ते विचारतात, पगार वाढवून मागायचा सोडून तारीख काय मागितली? ज्याने तारीख ठाऊक नसलेला पगार घेतला आहे तो असे विचारणार नाही. तारीख नसली की स्वतःच्या घामाचा पैसा रोज दारात उभे राहून मागावा लागतो, आणि मागणारा मनुष्य पाहता पाहता भिकाऱ्यासारखा दिसू लागतो. वाणीही मग तसाच बोलतो. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. त्या काळी बाईने सभेत उभे राहून आपल्या कामाविषयी बोलावे, ही गोष्ट आम्हांस त्या सुटीइतकीच मोठी वाटते.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. या रूक्ष नावाच्या कायद्यावर कोणी पोवाडा रचला नाही. पण त्याने काय केले पाहा. नोकरीच्या अटी लिहून काढा, बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत दारापाशी लावा, आणि कोणाला शिक्षा करायची तर आरोप लेखी द्या, त्याचे म्हणणे ऐका. म्हणजे 'का?' हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा राहिला नाही, तो हक्क झाला. आमच्यासारख्या नववी पास माणसाला त्या कायद्याने खातेचौकशीत साहेबासमोर खुर्चीवर बसवले. अर्थात त्यातही एक गंमत आहे. आदर्श स्थायी आदेशांत कामगाराच्या गैरवर्तनाची यादी आहे, आणि वरिष्ठाच्या आज्ञेचा बुद्धिपुरस्सर भंग हे तिचे पहिले कलम. वरिष्ठाने कामगाराचा अपमान केला तर काय, याला त्या यादीत जागा नाही. असो. आता तो कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत गेला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरती उरली. मूळ कायद्यात हा आकडा शंभर होता, महाराष्ट्रात पन्नास. मधल्या कारखान्यांतील लाखो लोकांनी आता कारण कोणाकडे मागावे, हे सांगणारा अधिकारी आम्हांस अजून भेटायचा आहे.

आणि मान्यतेचा कायदा? १९८२ च्या १८ जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. बोनस, पगार हे होतेच. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटना एकच, आणि बोलायचे तर तिनेच. त्या संपाचे पुढे काय झाले ते मुंबईचे उंच मनोरे सांगतात. डॉ. दत्ता सामंतांचे चुकले की सरकारचे, हा वाद आज काढणार नाही. त्याला एक व्याख्यान पुरणार नाही. आमचे वडील गावी परतल्यावर पैशाविषयी फारसे बोलत नसत. ते एवढेच म्हणत, "आमच्या वतीनं कोण बोलणार, हे तरी आम्हांला विचारायचं होतं."

आता आमच्या स्वतःच्या कामातली एक हकीकत सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात लहान विद्युत भाग जोडणाऱ्या मुली होत्या, एका ओळीत पस्तीस. स्वच्छतागृहात जायचे तर पर्यवेक्षकाच्या टेबलाशेजारी खिळ्याला एक पितळी बिल्ला टांगलेला असे, तो उचलायचा. बिल्ला एकच. तो उचलताना सगळी ओळ पाहणार, पर्यवेक्षक वहीत वेळ लिहिणार, परतल्यावर पुन्हा लिहिणार. कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार, त्यामुळे १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय चोख होती. निरीक्षक येत, पाण्याचे यंत्र पाहत, खूण करून जात. त्या पाण्याला मुली शिवत नसत. का, ते आम्हांस पुष्कळ दिवस कळलेच नाही.

मागणीपत्रात बिल्ला काढा अशी मागणी त्यांनीच घातली. वाटाघाटी चालल्या. अकराव्या बैठकीत पगारवाढ कबूल झाली, आमच्या अपेक्षेहून थोडी अधिकच. बिल्ला मात्र निघेना. "उत्पादन बसेल" म्हणाले. आम्ही बाहेर येऊन समितीला सांगितले, पैशाचा करार चांगला झाला आहे, बिल्ल्यासाठी अडू नका, तो पुढच्या वेळी पाहू. हे आम्हीच सांगितले, आमच्या तोंडाने. तेव्हा समितीतील एक बाई म्हणाल्या, "भाऊ, पगार घरी गेला की दुसऱ्यांच्या हातात जातो. बिल्ला आम्हीच उचलतो."

यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हते. आम्ही आत परत गेलो आणि व्यवस्थापकांना विचारले, उत्पादन बसेल हे कशावरून? आपल्याकडे वही आहे, ती आपणच वाचा. ते गृहस्थ सरळ होते. वही घरी घेऊन गेले. पुढच्या बैठकीत म्हणाले, बहुतेक नोंदी चार-पाच मिनिटांच्या आहेत. आणि हा नियम कोणी घातला म्हणून चौकशी केली तर कोणालाच आठवत नाही. बिल्ला निघाला. त्या बाईंनी तो मागून घेतला असे ऐकतो. ही गोष्ट विजयाची म्हणून आम्ही पुष्कळ सभांत सांगत असू. पुढे त्या ओळीवर कंत्राटी मुली आल्या आणि खिळ्याला पुन्हा बिल्ला लागला. त्या मुली आमच्या सभासद नव्हत्या.

अशा गोष्टी क्षुल्लक वाटतात. कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसू देत नसत. केरळात त्यासाठी बायकांनी लढा दिला आणि २०१८ साली तेथे, २०२१ साली तमिळनाडूत, बसण्याचा हक्क कायद्यात आला. एकविसाव्या शतकात स्टुलासाठी कायदा! पण गिऱ्हाईक नसताना बसू नये याचे कारण त्यांनी विचारले असते, तर कोणता दुकानदार काय सांगणार होता?

येथवर आम्ही मालक, फोरमन, व्यवस्थापक यांच्याविषयी बोललो. ते सोपे असते, टाळ्याही मिळतात. आता आमच्या घरात येतो.

आजोबा १९२८ च्या संपाची हकीकत फार रंगवून सांगत. सहा महिने गिरण्या बंद, चणे खाऊन काढलेले दिवस, परळच्या मैदानावरची भाषणे. आम्ही ती ऐकतच वाढलो. पुढे तिशी ओलांडल्यावर वाचनालयात एक पुस्तक हाती आले आणि कळले की त्याच काळी विणाईखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. काम अधिक पगाराचे. आणि त्यात कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण साचेवाले त्यांना आत येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे. ती नाखुशीने आली. आणि मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. ते उत्तर खरे होते, म्हणूनच ते झोंबते. बाबासाहेब १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बोलले तेव्हाही त्यांनी हाच विषय काढला : अस्पृश्य मनुष्य रेल्वेत गँगमन होतो आणि गँगमनच राहतो, पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, म्हणून त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत.

आजोबा तेव्हा हयात नव्हते. वडिलांना विचारले, आजोबांच्या खात्यात असे होते का? ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "होतं. त्याचं कुणी बोलत नव्हतं." चणे खाऊन सहा महिने काढणारी ती माणसे भ्याड नव्हती की दुष्ट नव्हती. त्यांना मालकाकडून मान हवा होता. शेजारच्या खात्यातील माणसाला तो नाकारण्याचे कारण मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते.

आपण म्हणाल, जुनी गोष्ट झाली. आम्हीही तसेच म्हणत होतो. २००६ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात आमचा संप झाला. कायम कामगार एकजात बाहेर. सकाळी मागच्या दाराने उपाहारगृहाचे आणि सफाईचे बेचाळीस कंत्राटी कामगार आत जाऊ लागले. आम्ही धावत गेलो आणि गद्दार, गद्दार अशा घोषणा सुरू केल्या. त्यांत पंचावन्नच्या घरातले एक गृहस्थ होते. आमच्या समितीच्या बैठकांना चहा आणीत, आम्ही आतून ओरडायचो, "ए चहा!" आणि ते येत. ते थांबले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, नऊ वर्षं तुम्हांला चहा पाजतोय. माझं नाव सांगा, मी इथनंच माघारी जातो."

समितीचे सात जण तेथे होतो. एकालाही सांगता आले नाही. ते थोडा वेळ थांबले. खरोखर थांबले, आमची फजिती करण्याची त्यांना हौस नव्हती, कोणी नाव घेतले असते तर ते परत गेले असते असे आम्हांस आजही वाटते. मग ते आत गेले.

संप कसाबसा मिटला. त्यानंतर एका रविवारी आम्ही पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. बसायला दिले, पाणी दिले, चहाही केला. आम्ही दिलगिरी व्यक्त केली. तिचे त्यांना काही वाटले नाही. ते म्हणाले, "नावाचं राहू द्या. संप कशासाठी करताय, हे आम्हांला आधी येऊन का नाही सांगितलंत? आमचा रोज बुडणार होता की नव्हता?" आम्ही म्हणालो, चुकले. ते म्हणाले, "कंत्राटदार पण सांगत नाही, तुम्ही पण सांगत नाही. मग जो रोज देतो त्याचं ऐकलं." त्यांचे नाव आम्हांस आता ठाऊक आहे, पण येथे घ्यायचे तर त्यांना विचारले पाहिजे आणि ते आम्ही विचारलेले नाही.

तेव्हापासून आमच्या संघटनेत एक रीत पाडली. कोणताही ठराव होण्यापूर्वी तो कंत्राटी माणसांपुढे जाऊन वाचायचा आणि त्यांचे म्हणणे लिहून आणायचे. ती सर्व ठिकाणी पाळली जाते असे म्हणणे खोटे होईल. आमच्या लोकांनाही कारण सांगण्याचा कंटाळा येतो. पुढारी झाले की लगेच येतो. आणि द्वारसभेत एखाद्या तरुण पर्यवेक्षकाच्या आईबापांचा उद्धार करून टाळ्या घेण्याची सवय आम्हांसही होती. तो बिचारा वरून साहेबाचे आणि खालून आमचे, असे दोन्हीकडचे खातो. त्याचे कारण तर कोणीच ऐकत नाही.

पुण्यात १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी केली. या बायकांना प्रथम हवे होते ते ओळखपत्र. कचऱ्याच्या ढिगाशी दिसली की चोर, अशी वागणूक होती. खिशातले कार्ड दाखवून 'मी काम करते' असे सांगता येऊ लागले. जिच्याजवळ कार्ड आहे तिला अडवताना पोलिसालाही दोन शब्द जास्त बोलावे लागतात.

आता आमच्याकडे जी मुले येतात त्यांना मुकादमच नाही. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणारी ती मुले. त्यांचा जॉबर मोबाइलच्या आत बसतो. एके सकाळी 'आयडी' बंद. का? फोन लावला तर यंत्र बोलते, आणि फार आदराने बोलते, आपण आणि कृपया लावून. गिरणीच्या दारातल्या जॉबरचा 'नको' निदान त्याच्या तोंडून येत असे, तोंड पाहता येत असे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली या कामगारांसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना देण्याचे कलम आहे. परवा एक मुलगा आमच्या कचेरीत आला होता, बारावी झालेला, हुशार. आयडी परत मिळवून द्या असे तो म्हणालाच, पण पुढे म्हणाला, "काका, मिळाला नाही तरी चालेल. मी काय चुकलो, तेवढं विचारून द्या." आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

तोच मुलगा सांगत होता की काही इमारतींत त्याला लिफ्ट वापरू देत नाहीत. सातव्या मजल्यावर जिन्याने जा, अशी पाटी आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या इमारतीत अशी पाटी असेल तर ती कोणी लावली, कोणत्या बैठकीत ठरले, आणि कारण काय लिहिले आहे, हे चिटणिसांना विचारून पाहावे. आम्ही आमच्या इमारतीत विचारले. इतिवृत्ताचे पुस्तक काढले, तर तसा ठराव कोठेच नव्हता. पाटी मात्र होती.

प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवावा अशी चालकांची सूचना आहे. आमचे बोलणे ज्यांना पटले नसेल त्यांनी आधी हात वर करावा. चिठ्ठीवर प्रश्न लिहिणारांनी खाली आपले नावही लिहावे, म्हणजे उत्तर कोणाला देतो आहोत हे आम्हांस कळेल.